उठताना हात कुठे जातात ते बघा

घरातले आजी-आजोबा एकटे किती निभावतील, हे त्यांच्या खुर्चीतून उठण्यावरून बरंच कळतं. हातांवर भार टाकून, 'आई गं' करत उठत असतील तर बहुधा मांड्यांची ताकद कमी झालीय; पुढे जिना आणि कमोडही जड जातो. भिंतीला टेकवलेल्या, बिनहाताच्या खुर्चीवर बसवा. हात छातीशी दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात बायकांना निदान १०, पुरुषांना १२ वेळा जमावं. शेजारी कोणीतरी थांबाच. आकडा कमी आला तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, त्यांना विचारून हीच उठबस रोज थोडी करून घ्या. आणि हो, पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर आणून देण्याचे लाड कमी करा.