वायफाय अधूनमधून जातं? आधी नेमकं काय जातं ते पकडा

नेट पूर्ण बंद पडलं तर काम सोपं असतं. कंप्लेंट टाकायची, माणूस येतो, काहीतरी जोडतो आणि जातो. डोकं खातं ते अधूनमधून जाणारं नेट. सकाळच्या मीटिंगमध्ये दोनदा गेलं, दुपारभर सुरळीत, रात्री मॅच रंगात आली की स्क्रीनवर पुन्हा गोल फिरायला लागलं. आणि नेटवाला दारात उभा राहिला की सगळं ठणठणीत. तो स्पीड टेस्ट लावतो, शंभरपैकी पंच्याण्णव दाखवतो, ‘लाइन ओके आहे’ म्हणतो आणि चालू पडतो.

अशा वेळी स्पीड टेस्टचा काडीचा उपयोग नाही. चालू असलेल्या नेटचा वेग तिला कळतो. आपली तक्रार नेट नसतं त्या दीड मिनिटाची आहे. तीच गत बाकीच्या फुकट सल्ल्यांची. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, राउटरमागे चांदीचा कागद लावा, बूस्टर घ्या, नवा प्लॅन घ्या. दुखणं कुठे आहे हे माहीत नसताना गोळ्या कसल्या घेता?

एक सल्ला तर घातक आहे: राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट मारा. बंद करून चालू करणं वेगळं आणि हे रीसेट वेगळं. रीसेट केलं की राउटरमध्ये भरलेलं तुमच्या कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड आणि सेटिंग पुसलं जाऊ शकतं. मग अधूनमधून जाणारं नेट कायमचंच जातं आणि शनिवारी संध्याकाळी नेटवाल्याच्या पाया पडावं लागतं. ती पिन कपाटात ठेवा.

बंद-चालू करायलाही माझी हरकत आहे, पण फक्त तपास चालू असेपर्यंत. रीस्टार्ट केलं की राउटर किती वेळ चालू आहे तो आकडा शून्यावर येतो, पुष्कळ राउटरमधल्या नोंदीही जातात. पुरावाच गेला.

एकाच उपकरणाचं जातं की सगळ्यांचं?

फक्त एका लॅपटॉपचं जात असेल तर राउटरला दोष देऊ नका. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. ड्रायव्हर अपडेट करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं अॅप, बंद करून बघा. सगळ्यांचंच जात असेल तर पुढे चला.

बिघाड रंगेहाथ पकडणं

सगळी मेख या पायरीत आहे. मलाही हिनेच सगळ्यात जास्त छळलं, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

तुमच्या लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंत दोन टप्पे आहेत. लॅपटॉप ते राउटर हा हवेतला, म्हणजे वायफायचा. राउटर ते बाहेर हा फायबरचा, म्हणजे इंटरनेटचा. बोलताना आपण दोन्हींना ‘वायफाय गेलं’ म्हणतो, पण दोन्हींचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी. कोणता टप्पा तुटतो हे कळल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

लॅपटॉप जिथे त्रास होतो तिथेच ठेवा, राउटरशेजारी आणून नाही. चार्जर लावा, स्लीप बंद करा, व्हीपीएन बंद. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसेल तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता पिंग, म्हणजे त्या पत्त्याला ‘आहेस का?’ अशी हाक मारून उत्तराची वाट बघणं. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडा. पहिलीत ‘पिंग’, मग राउटरचा पत्ता, मग आडवी रेघ आणि टी. दुसरीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक सर्व्हर. ती टी नसेल तर विंडोज चार पिंग मारून गप्प बसतं. मॅकवर टी लागत नाही, तिथे पिंग आपणहून चालू राहतं. दोन्ही खिडक्या दिवसभर चालू ठेवा आणि आपलं काम करा.

नेट गेलं की लगेच स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोजचं पिंग ओळीत घड्याळातली वेळ छापत नाही, त्यामुळे फोटोची वेळ हीच तुमची नोंद. ‘साधारण अकराच्या सुमारास गेलं होतं’ याला कंप्लेंट सेंटरवर कुणी विचारत नाही. ११ वाजून ७ मिनिटांचा फोटो असला की बोलण्याचा सूर बदलतो.

आता वाचायचं कसं. पहिली खिडकी धावते आहे आणि दुसरी थांबली, तर घरातलं वायफाय ठीक आहे, दुखणं राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही एकदम थांबल्या, तर दुखणं घरात आहे. दोन्ही धावताहेत आणि तरी पान उघडत नाही, तर डीएनएसकडे बघा. डीएनएस बदलण्याच्या सल्ल्याची जागा एवढीच.

इथे फसवणारी एक ओळ आहे. ‘रिप्लाय फ्रॉम’ असं सुरू होऊन शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ लिहिलेलं असेल तर तो रिप्लाय नव्हेच. नीट बघा, त्यातला पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा असतो. राउटर सापडत नाही असं लॅपटॉप स्वतःच सांगतोय. गंमत म्हणजे खाली हिशेब छापताना विंडोज ही उत्तरंही ‘मिळाली’ या खात्यात धरतं आणि तोटा शून्य टक्के दाखवतं. म्हणून शेवटच्या हिशेबावर जाऊ नका, ओळी वाचा.

दुसरी फसगत उलट्या बाजूची. तीन मिलीसेकंदांच्या रांगेत मध्येच एखादी ऐंशीची ओळ दिसली की लोक घाबरतात. वायफायवर हे चालायचंच. लॅपटॉप आजूबाजूची नेटवर्कं शोधत असतो, राउटरही पिंगला उत्तर देणं हे शेवटचं काम समजतो. एकटीदुकटी ओळ सोडून द्या. सलग पाच-सहा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आल्या तर तो बिघाड.

दोन्ही खिडक्या थांबत असतील तर आणखी एक फोड करावी लागते: हवा खराब आहे की राउटरच झोपतोय? लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि पुन्हा तेच. केबलवर चोख चाललं तर हवा. केबलवरही दोन्ही थांबल्या तर राउटर. ‘माझ्या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही’ म्हणणाऱ्यांनी अडॅप्टर मागून आणावा, पण ही चाचणी चुकवू नये.

फक्त दुसरी खिडकी थांबते

नेट गेलेल्या क्षणी फायबरच्या डब्याचे, म्हणजे फायबरची वायर ज्यात शिरते त्याचे, दिवे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. ‘पॉन’ लिहिलेला हिरवा लुकलुकत राहिला म्हणजे डबा पलीकडच्या यंत्राशी जोडला जाण्याची धडपड करतोय. दिवे सगळे जागेवर आणि तरी नेट नाही, तर भानगड कंपनीच्या बाजूला आहे. फोटो काढा आणि शेवटच्या पायरीवर जा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर त्याआधी मधली छोटी केबल बदला. तिची क्लिप तुटलेली असते आणि केरसुणी लागली तरी ती हलते.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडणाऱ्या त्याच्या स्टेटस पानावर बहुधा ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, डीबीएम या मापात आणि उणे चिन्हासह. उणे १५ ते उणे २४ निवांत. उणे २७ च्या खाली गेलात की काठावर. हा आकडा चांगला असताना एकदा आणि नेट डगमगत असताना एकदा लिहून ठेवा.

आकडा खाली-वर होत असेल तर वायर घरात शिरते तिथे जा. आमच्याकडच्या फ्लॅटमध्ये ती हमखास सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतलेली असते, कारण भिंतीला भोक पाडायचा कंटाळा. एरवी खिडकी उघडी म्हणून सगळं छान. पावसाची सर आली, खिडकी घट्ट लावली की काचेची फ्रेम वायर दाबते, फायबर वाकतं, प्रकाश गळतो आणि नेट जातं. सगळी सोसायटी म्हणते, पावसामुळे जातं. पाऊस थांबला, खिडकी उघडली, आलं! खिडकी हळू सरकवत पॉवरचा आकडा बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो. इलाज म्हणजे भिंतीला भोक, आणि ते नेटवाल्याकडूनच पाडून घ्या.

फायबरचं वेटोळं करून खिळ्याला लटकवू नका, टीव्हीमागे कोंबू नका, झिप टायने आवळू नका. कनेक्टर काढून फुंकर मारणं, बोटाने पुसणं बंद. आणि त्याच्या टोकात डोळा लावून ‘प्रकाश येतोय का’ बघणं तर अजिबात नाही. तो लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना चांगला नाही.

राउटर स्वतःच रीस्टार्ट होतोय

स्टेटस पानावर अपटाइम, म्हणजे राउटर किती वेळ चालू आहे तो आकडा, बघा. तुम्ही हात लावला नसताना तो वीस मिनिटं दाखवत असेल तर राउटर आपोआप बंद-चालू झालाय. अशा वेळी मी नवा राउटर घेऊ देत नाही, आधी अडॅप्टर बदलायला लावतो. वर्षानुवर्षं गरम होऊन अडॅप्टर दमतो. घरात चार मोबाइल एकदम जोडले गेले, राउटरने जास्त वीज मागितली की व्होल्टेज पडतं आणि राउटर मान टाकतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्टच्या जागी ९ चा ‘चालतोय की’ म्हणून लावू नका. पिन आणि तिचं प्लस-मायनस जुन्यावर छापलंय तसंच घ्या.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, हेही ‘नेट अधूनमधून जातं’ या नावाखाली खपतं. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा, प्रश्न संपला. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा, नाहीतर अर्धंच घर जागं राहतं.

हवा खराब आहे

राउटर बाहेर काढा. चपलांच्या कपाटातून, टीव्हीमागून, माळ्यावरून, आणि विशेषतः बिल्डरने दाराजवळ दिलेल्या पत्र्याच्या बॉक्समधून. पत्र्याचं दार लावून वायफाय शोधायचं म्हणजे कमाल आहे. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींत किंवा जुन्या वाड्यात एका राउटरकडून सगळ्या खोल्यांची अपेक्षा धरू नका.

मग चॅनल, म्हणजे राउटर हवेत ज्या पट्टीवर बोलतो ती. वायफाय अॅनलायझर प्रकारचं अॅप त्रासाच्या खोलीत उघडा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांतला कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘मधला ३ मोकळा दिसतोय’ म्हणून तिथे बसू नका, दोन्हीकडचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढे रहा. मधल्या ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारही चालतात. तिथे राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की तो चॅनल सोडतो, आणि त्याच पट्ट्यात दुसरीकडे जायचं असेल तर निदान एक मिनिट नुसता ऐकत बसतो. नेट जाऊन मिनिटभराने आपोआप येत असेल, त्यातून घर विमानतळाच्या आसपास असेल, तर हे आधी तपासा. चॅनल ‘ऑटो’वर असेल तर राउटर पुन्हा तिकडेच जाऊ शकतो, म्हणून आकडा हाताने भरा.

जेवण गरम करायच्या वेळीच जात असेल तर मायक्रोवेव्ह. ५ गिगाहर्ट्झवर जा.

घरात दुसरा राउटर असेल तर

बेडरूमसाठी जुना राउटर केबलने जोडलेला असतो आणि दोघेही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटत सुटतात. दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१. मग कधी चालतं, कधी नाही, आणि कारण सापडत नाही. दुसऱ्यात अॅक्सेस पॉइंट मोड (पत्ते न वाटता नुसतं वायफाय देण्याची सोय) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरचं नेट आत घेण्याच्या) भोकात न घालता लॅनच्या (घरातली उपकरणं जोडण्याच्या) भोकात घाला. हे करण्याआधी रिपीटर (वायफाय हवेतूनच पुढे पाठवणारा डबा) विकत घेऊ नका. केबल ओढायची सोय असेल तर नंतरही घेऊ नका.

कंप्लेंट

फक्त दुसरी खिडकी थांबत असेल तरच. ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका, त्यावर स्पीड टेस्टच होणार. तारीख, वेळ, त्या क्षणी कोणता दिवा लाल होता, पॉवर किती होती, आणि राउटरचं पिंग चालू असताना बाहेरचं थांबलं, एवढं सांगा. फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. माणूस आला की त्याच्याकडच्या पॉवर मीटरवर तुमच्या टोकाचं रीडिंग घ्यायला लावा आणि कनेक्टर बदलला किंवा नवा जोड मारला तर पुन्हा. जिन्यातल्या किंवा खांबावरच्या जोडाच्या डब्यात पाणी शिरलंय का, तेही बघायला सांगा. तो निघताना कंप्लेंट बंद करायला ओटीपी मागेल. दुसरं रीडिंग डोळ्यांनी बघेपर्यंत तो सांगू नका.