बाष्पीभवन मोजताय? या चुका टाळा

धरणावर किंवा शेततळ्याकाठी बाष्पीभवनपात्र बसवलं की काम झालं, असं मानणाऱ्यांच्या नोंदवह्या बघवत नाहीत. पात्र साधंच असतं: १२२ सेंमी व्यास, २५.५ सेंमी खोली, तांब्याचा पत्रा, आतून कल्हई, बाहेरून पांढरा रंग, वर जाळी, खाली लाकडी चौकट आणि आत पातळीची खूण म्हणून उभं टोक. रोज सकाळी पाणी त्या टोकापर्यंत आणायचं. घोळ होतो तो घाईमुळे.

सगळ्यात जास्त घोळ वळवाच्या पावसात. सकाळी साडेआठला पाणी खुणेच्या टोकावर चढलेलं दिसलं, की नवशिका बिनधास्त शून्य लिहितो. अहो, पाऊस सरीपुरता होता, ऊन दिवसभर होतं! हिशोब असा: पाऊस, अधिक ओतलेलं पाणी, वजा काढलेलं पाणी. या पात्रात १ मिमी म्हणजे सुमारे १.१७ लिटर. पर्जन्यमापकात ६ मिमी पाऊस आहे आणि पाणी टोकाला आणायला २.३४ लिटर, म्हणजे २ मिमी काढावं लागलं, तर बाष्पीभवन ४ मिमी. पर्जन्यमापक पात्राशेजारीच हवा. वळीव एका वाडीत कोसळतो आणि पुढची वाडी कोरडी राहते, तिथे तालुक्याचा आकडा काय कामाचा? टोकापेक्षा जास्त ओतलं गेलं तर अंदाजाने वजा करू नका, मापाने काढा.

दुसरी चूक म्हणजे तळ्यातली सगळी घट उन्हाच्या माथी मारणं. जांभ्यात खोदलेलं, अस्तर नसलेलं तळं झिरपतंच. समजा महिन्याच्या सरासरीने पात्रात रोज ६ मिमी घट आहे. पात्रावरून तळ्याचा आकडा काढायच्या ०.८ या गुणकाने गुणलं तर तळ्याचं बाष्पीभवन ४.८ मिमी येतं. तळं मात्र रोज १५ मिमी उतरतंय. उरलेले सुमारे १० मिमी जमिनीत गेले. खात्री करायची तर पंप बंद ठेवून मोजपट्टी मावळतीला आणि उजाडताना वाचा. रात्रीही दिवसाइतक्याच वेगाने पाणी उतरत असेल तर गळती शोधा, तळ्यावरच्या झाकणाचा खर्च नंतर.

तो ०.८ गुणक महिन्याच्या बेरजेला लावा, रोजच्या आकड्याला नको. सिंधुदुर्गातल्या तिलारी धरणासारखा खोल साठा उष्णता धरून ठेवतो, त्याची चाल पात्राशी रोज जुळत नाही.

जाळी काढू नका: ती बाष्पीभवन साधारण १४ टक्क्यांनी घटवते आणि गुणक तिच्यासकट ठरलेला आहे. माडाच्या सावलीत पात्र नको. झाडाच्या उंचीच्या निदान चौपट अंतर ठेवा. शेवाळ धरलं की पाणी बदला, टोकाभोवतीच्या नळीची भोकंही साफ करा, नाहीतर नळीतली पातळी मागे राहते.

जुलैत मुसळधार पाऊस झाला की पात्र ओसंडतं. त्या दिवशी रकाना कोरा ठेवा आणि शेजारी कारण लिहा.