कोकणातली वाट खरंच वाळली आहे का? माउंटन बाइक काढण्याआधी या चुका टाळा

गौरीविसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. पावसाने उघडीप दिली होती, ऊन चटचटत होतं. आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, तासभर सायकल चालवली, कातळ ठणठणीत कोरडा होता. त्याच खुशीत गावात उतरणाऱ्या पाखाडीत, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेत, शिरलो. तिसऱ्या पायरीवर पुढचं चाक पायाखालून गेलं आणि मनगट कडेच्या दगडी गडग्यावर (बांधावर) आपटलं. सडा आणि ती पाखाडी यांत अंतर जेमतेम दोनशे मीटर, पण एक वाळली होती आणि दुसरी अजून आषाढातच होती. सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढताना मला एक गोष्ट कळली. कोकणात आभाळ बघून वाट कळत नाही, जमीन बघावी लागते.

चूक पहिली: ‘पाऊस थांबला म्हणजे वाट वाळली’

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि किनाऱ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास भरतो. एवढं पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. सड्याचा जांभा हा तांबडा दगड सच्छिद्र असतो. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे वरचा थर टणक, पण आत भोकंच भोकं. उतार असेल तर पाणी काही तासांत निघून जातं. खडबडीत ओला जांभा टायरला चांगली पकडही देतो. दगा देतं ते त्यावरचं शेवाळ. हिरवं शेवाळ लगेच ओळखू येतं. वाळत आलेलं काळपट शेवाळ मात्र दगडाच्याच रंगाचं दिसतं आणि चार थेंब पडले की पुन्हा बुळबुळीत होतं.

जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी शेडी असते, पांढरट किंवा गुलाबी, साबणासारखी चिकणमाती. वरून झिरपलेलं पाणी या शेडीवर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. म्हणून सड्याच्या कडेवरून खाली उतरणारी वाट आठवडाभर ऊन पडलं तरी मध्येच ओली लागते. तिथे सावधपणे उतरून सायकल हातात घ्या. नुसता ब्रेक दाबून तिथे काही साधत नाही, चाक थांबतं आणि सायकल घसरतच राहते.

तिसरा प्रकार पाणंदीचा. दोन्ही बाजूंना गडगे, वर फणस-काजूची सावली, खाली कुजलेला पाला. ऊन पोचतच नाही. या वाटा मी दिवाळीपर्यंत ओल्याच धरतो.

तपासायला सोपा उपाय आहे. वाटेवरची मूठभर माती उचला आणि दाबा. लाडू झाला नाही, भुगा पडला, तर निघा. लाडू झाला पण बोटाने टोचल्यावर फुटला, तर हळू जा. लाडू टिकला आणि बोटांमध्ये पट्टी ओढता आली, तर त्या दिवशी घरी परत. ही तपासणी वाटेच्या सुरुवातीला उन्हात करून उपयोग नाही. सगळ्यांत सावलीच्या वळणावर करा.

चूक दुसरी: पुढचा अंदाज बघणं, मागचा पाऊस विसरणं

मोबाइलवर उद्याचं आभाळ सगळेच बघतात. वाट ठरते ती गेल्या तीन-चार दिवसांच्या पावसावर. हवामान खातं सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस मोजतं. त्यांच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’ आणि ११५.६ पासून ‘अति मुसळधार’. लागोपाठ दोन दिवस मुसळधार झाला असेल तर तिसऱ्या दिवशी कितीही लख्ख ऊन असो, मी उताराच्या वाटा सोडून देतो.

त्याला घसरण्यापेक्षा गंभीर कारण आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. पाणी पिऊन जड झालेला उतार कधी सुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. वाटेवर आडवी नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर तिथून मागे फिरा आणि खालच्या वाडीत सांगा.

चूक तिसरी: चिखलात ‘मजा येते’ म्हणून जाणं

ज्या वाटेला आपण ट्रेल म्हणतो ती कुणाची तरी शाळेची, शेताची, पाण्याची वाट असते. चिखलात चाक रुततं, चर पडतो. पुढच्या सरीचं पाणी त्याच चरातून धावतं, आणि एका पावसाळ्यात पायवाटेचा ओहोळ होतो. शेजारच्या गावातल्या एका आजींनी मला थांबवून एवढंच विचारलं होतं, ‘बाळा, उद्या मी भारा घेऊन हितून कशी उतरू?’ त्या दिवसापासून चाकाचा ठसा बोटभर खोल उमटायला लागला की मी उतरतो.

डबकं चुकवायला बाजूने जाणं त्याहून वाईट. त्याने वाट रुंद होते आणि कडेचं गवत मरतं. डबकं असेल तर मधून चालत जा. शेताच्या बांधावर तर सायकल घालूच नका, खाचरातलं पाणी तोच बांध धरून ठेवतो.

सड्यावरही ‘सगळा दगडच आहे’ असं समजू नका. कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात दीपकाडी, सीतेची आसवं, गेंद फुलतात. ती माती साठायला फार काळ लागतो आणि एका ब्रेकने ती खरवडली जाते. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. गवतात त्यांच्या रेषा दिसत नाहीत, म्हणून अशा सड्यांवर मळलेली वाट सोडायची नाही.

चूक चौथी: उन्हाळ्यात बेफिकीर होणं

मार्च ते मे वाट कोरडी असते, पण सोपी नसते. जांभा झिजून वाटाण्याएवढे गोल खडे सुटे होतात आणि टणक कातळावर पसरतात. पाटावर मोहरी सांडावी तसं होतं. वळणावर पुढचा ब्रेक दाबलात की चाक गेलंच समजा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक सोडा, नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेवा.

पकड मिळावी म्हणून माझ्या जाड टायरमध्ये, ट्यूबलेस असल्यामुळे, २४-२५ पीएसआय हवा असते. ओल्या दिवसात आणखी दोन कमी. ट्यूब असेल तर हवा इतकी कमी करू नका, जांभ्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. सावलीत साचलेला काजूचा आणि सुरूचा वाळका पालाही ओल्या मातीइतकाच निसरडा असतो.

चूक पाचवी: भरती न बघता पुळणीवर जाणं

पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, वाट समुद्र ठरवतो. ओहोटीला उघडी पडलेली ओली, गडद वाळू रस्त्यासारखी घट्ट असते. वरची कोरडी वाळू चाक गिळते. खाडीच्या मुखाजवळची चकाकणारी वाळू आणि खाजणाचा, म्हणजे खाऱ्या दलदलीचा, चिखल मात्र टाळाच.

वेळेसाठी आपल्याकडचा जुना हिशेब अजून चालतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, बाराच्या पुढे तितक्या तासांनी साधारण भरती. चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती-ओहोटी, असल्याने पहाटे पाणी सगळ्यांत लांब जातं आणि सहा वाजता पुळण रुंद, घट्ट मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार मागे सरत नाही. हा अंदाज आहे, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना याच्या भरवशावर जाऊ नका.

सायकल काय सांगते तेही ऐका

ब्रेक दाबताच कर्र आवाज आला तर लाल मातीची रेव पॅडमध्ये अडकली आहे. पाणी टाकून धुवा, तसेच दाबत राहिलात तर डिस्कवर चरे पडतात. पावसाळ्यात रेझिनचे पॅड भराभर झिजतात, धातूमिश्रित टिकतात. चेन लाल दिसत असेल तर तो गंज की माती हे बोटाने पुसून बघा. मातीवरच तेल ओतलंत तर त्याची पॉलिशपेस्ट होते आणि चक्रांचे दात झिजतात. आधी धुवून, पुसून, वाळवून मगच तेल. मागचं चाक फिरतंय आणि सायकल हलत नाही, असं झालं तर फ्रेम आणि टायरमध्ये चिखल भरलाय. गडग्याकडेची वाळकी काटकी घेऊन तो काढा.

पुळणीवरून आल्यावर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी विहिरीच्या पाण्याने धुवा, प्रेशर पंपाने नको, नाहीतर खारं पाणी बेअरिंगमध्ये जातं. बोल्ट, केबलची टोकं, सीटपोस्टचा सांधा पुसून घ्या, आणि सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी निथळू द्या.