'सारी'च्या फॉर्ममधला एक रकाना: नव्या रेसिडेंटसाठी

मेडिसिन किंवा मायक्रोबायोलॉजीला रुजू झालात की पावसाळ्यात 'सारी'चे (SARI, म्हणजे श्वसनाच्या तीव्र, गंभीर संसर्गाचे) फॉर्म तुमच्याच अंगावर येणार. व्याख्या पाठ असेलच: ताप, खोकला, सुरुवात गेल्या १० दिवसांतली, आणि भरतीची गरज. यातली सुरुवातीची तारीख काढताना मला आजही घाम फुटतो.

कॅज्युअल्टीच्या पेपरवरचं 'चार दिवस ताप' तसंच उतरवू नका. अजिबात नाही! नातेवाईक दिवस मोजतात ते पेशंटने अंथरूण धरल्यापासून. आधीची कणकण कुणी धरतच नाही. उलट दम्याचा जुना पेशंट 'खोकला सहा महिने' म्हणतो आणि त्याचा नवा फ्लू सुटतो. म्हणून दिवस नव्हे, प्रसंग विचारा. पोळ्याला अंगात ताप होता का? मागच्या बाजाराला स्वतः गेला होता का? दम्याच्या पेशंटला विचारा, खोकला वाढला कधी? मग कॅलेंडर समोर धरून तारीख लावा.

एवढं का सांगतेय? इन्फ्लुएंझाचा विषाणू नाका-घशात पहिले तीन-चार दिवस भरपूर असतो, मग ओसरतो. नवव्या दिवशीचा निगेटिव्ह स्वॉब 'फ्लू नव्हता' असं सांगत नाही. तोवर न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूने फुफ्फुस गाठलेलं असू शकतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा नाकातला स्वॉब निगेटिव्ह आला तरी श्वासनलिकेतला स्राव पाठवाच. लक्षणं भरतीनंतर ४८ तासांनी सुरू झाली असतील, तर संसर्ग आपल्याच वॉर्डातला असू शकतो. तेही तारखेवरूनच कळतं. फ्लूचा संशय असेल तर ऑसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) मात्र रिपोर्टसाठी अडवू नका.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे कारण सापडलं, असंही नाही. ऱ्हायनोव्हायरस (साध्या सर्दीचा विषाणू) धडधाकट मुलांच्या नाकातही मिळतो.

आणि काहीच सापडलं नाही तर खचू नका. शिकागो आणि नॅशव्हिलच्या रुग्णालयांत २०१० ते २०१२ मध्ये न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णांचा कसून अभ्यास झाला, तरी ६२ टक्क्यांत जंतू मिळाला नाही.

नमुन्याचं तंत्र सिनियरच्या नोट्सपेक्षा लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनकडून शिका, हे माझं ठाम मत. लाकडी काडीचा कापसाचा स्वॉब पीसीआरला का चालत नाही, व्हीटीएम (स्वॉब ज्यात बुडवून लॅबला पाठवतात ते द्रावण) २ ते ८ अंशांत कसं न्यायचं, हे ते हातात देऊन दाखवतात.

तारीख कुणालाच सांगता आली नाही, तर रकान्यात 'माहीत नाही' लिहा. तिथे भरतीची तारीख टाकू नका.