जिलेबीचा अंगठा

सुट्टीत भाचा इंदूरला आला आणि माळ्यावरचा प्लेस्टेशन २ खाली उतरला. गेमची डीव्हीडी घातली की नुसती घरघर. उजेडात तिरकी धरली, तर पाकाचा अख्खा अंगठा उमटलेला! सकाळच्या पोहे-जिलेबीचा, दुसरं काय.

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, जुन्या धोतराचा मऊ तुकडा. पुसायचं मधून कडेकडे, गोल नाही. गोल चरा डेटाच्या ओळीबरोबरच धावतो आणि तेवढी सलग चूक मशीनला भरून काढता येत नाही.

तरी एक चरा उरलाच. त्यावर पांढरी टूथपेस्ट हलकेच घासली. डीव्हीडीत माहिती ०.६ मिमी आत असते म्हणून हे धकतं. ब्लू-रे या नंतरच्या डिस्कमध्ये जेमतेम ०.१ मिमी, तिथे हा उद्योग नको.

तिसऱ्या खेपेला गेम लागला. भाच्याला आधी हात धुवायला पिटाळलं.