डिफरन्शियलचे बुश बदलताय? मग या चुका टाळा

सिग्नल सुटला, क्लच सोडला आणि मागच्या सीटखाली कुणीतरी नारळ आपटल्यासारखा आवाज आला. ठक्. पहिल्या दिवशी वाटलं, डिकीत जॅक सुटा पडलाय. डिकी रिकामी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी रिव्हर्स टाकला, पुन्हा ठक्. दोष निघाला डिफरन्शियलच्या बुशांत. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा. बुश म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा: बाहेर लोखंडी कवच, मध्ये नळी आणि दोहोंच्या मध्ये रबर. पुढच्या दीड वर्षात या एका आवाजासाठी मी तीनदा पैसे मोजले. त्यातले दोनदाचे निव्वळ माझ्या उतावळेपणापायी गेले.

गाडी डब्ल्यू १२४ मर्सिडीज, ई २२०. १९९५ साली पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात या गाड्यांची जोडणी सुरू झाली, त्यामुळे पुण्यात त्यातली एखादी अजून भेटते. इंजिन चिवट असतं, पत्राही बऱ्यापैकी टिकतो, पण रबराला वय चुकत नाही. तीस वर्षांच्या गाडीत जिथे जिथे रबर आहे तिथे आज ना उद्या हात घालावाच लागतो.

आधी बघा, तुमच्या गाडीत हे बुश आहेत का

हसू नका. बोलेरो किंवा जुनी सुमो घेऊन 'डिफरन्शियलचे बुश गेलेत' म्हणणारे भेटतात. त्या गाड्यांना मागे एकसंध अ‍ॅक्सल आहे. क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे दाते, त्याच्याच पोटात बसलेलं असतं आणि सगळा अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. तिथे ठक् वाजलं तर पाट्यांचे बुश, शॅकल (पाटीच्या टोकाचे झुलते दुवे) आणि प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) बघायचे. स्विफ्ट, आय-२० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं. तिथे इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, तपासा.

हे बुश असतात ते मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे खालीवर होणाऱ्या, मागच्या चाकांना किंवा चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत. डब्ल्यू १२४ मध्ये मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांडे आहेत आणि डिफरन्शियल वेगळ्या सबफ्रेमला (गाडीखालच्या लोखंडी चौकटीला) रबराच्या बुशांवर लटकवलेलं आहे. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिफचं पुढचं नाक वर उचलायला बघतं, सोडला की खाली येतं. रबर धड असेल तर ते ही उठबस पोटात घालतं. फाटलं की लोखंडावर लोखंड आपटतं, आणि ते वाजतं थेट तुमच्या मणक्याखाली.

आवाजाच्या जागेवरून पार्ट मागवणं

माझी पहिली चूक हीच. आवाज मधून येतोय असं वाटलं, म्हणून प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या बदलल्या. या गाडीत शाफ्टच्या पुढे एक आणि मागे एक अशा जाड रबरी चकत्या असतात, मध्ये एक क्रॉस आणि रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. चकत्यांना भेगा होत्याच, त्यामुळे पैसे अगदीच वाया गेले असं नाही. आवाज मात्र जिथल्या तिथे.

बंद केबिनमध्ये आवाजाची जागा सांगणं म्हणजे चाळीत कुणाचा कुकर वाजला ते ओळखण्यासारखं आहे. त्यामुळे कान सोडा, डोळ्यांवर भिस्त ठेवा. गाडी पिटवर घ्या. एकानं आत बसून फूटब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही घट्ट धरायचे, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच पकडीवर आणून लगेच परत दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून, गाडीखाली न शिरता, काठीला बांधलेल्या मोबाइलनं डिफचं व्हिडिओ शूटिंग करायचं. नंतर तेच संथ गतीनं बघा. चांगल्या बुशावर नाक किंचित हलतं आणि परत जागेवर येतं. गेलेल्या बुशावर ते उडी मारतं, थांबतं आणि थांबताना वाजतं. माझ्या व्हिडिओत चक्क बोटभर उडी होती.

त्यानंतर इंजिन बंद करून पहार घाला. डिफ आणि सबफ्रेमच्या मध्ये टेकवून हलकेच उचला. रबर लोखंडी कवचापासून सुटलेलं असेल तर फट उघडमीट करताना दिसेल. नुसत्या वरवरच्या बारीक भेगा दिसल्या म्हणून घाबरू नका, जुन्या रबराला सुरकुत्या पडतातच.

आणखी एक गल्लत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हातानं फिरवला तर थोडा खेळ जाणवतो, बारीक 'टिक्' होते. ती क्राउन-पिनियनच्या दातांमधली ठेवलेली फट असते. तिच्यासाठी डिफ उघडायला निघालेला मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि गाडी घेऊन घरी या.

तेलाकडे दुर्लक्ष

बुश का गेले हे न विचारता नवे बसवले तर तेही जातात. रबराचा मोठा वैरी म्हणजे तेल. डिफच्या पिनियनचा सील किंवा बाजूच्या अ‍ॅक्सलचे सील पाझरत असतील तर ते तेल ओघळत बुशावर येतं. रबर फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. बोटानं दाबून बघा, शिळ्या गुलाबजामासारखं लागलं तर कारण बुशात नाही, सीलमध्ये आहे.

सील पाझरायचं कारण पुष्कळदा अजून वर असतं. डिफच्या डोक्यावर हवा सोडणारं छोटं टोपण असतं. ते चिखलानं बुजलं की आत गरम झालेली हवा कोंडते आणि वाट सापडेल तिथून तेल ढकलते. पाच मिनिटांचं काम आहे, पण डिफ वर चढवल्यावर तिथे बोट पोचत नाही. खाली असतानाच साफ करा.

तेल बदलणार असाल तर आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का बघा, तो सुटला तरच खालचा उघडा. या गाडीत दोन्हीला १४ मिलिमीटरची एलन की लागते. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी तिथेच बसते. एलनचं भोक आधी खिळ्यानं खरवडून साफ करा, की पूर्ण आत ठोकून बसवा, मगच जोर लावा. भोक गोल झालं की काम वेल्डरकडे गेलं म्हणून समजा.

टॉर्च पेटवणं

जुना बुश सबफ्रेमच्या घरात इतका बसलेला असतो की बऱ्याच गॅरेजांत पहिला हात गॅसच्या टॉर्चकडे जातो. रबर जाळलं की मधली नळी गळून पडते, हे खरं. पण डब्ल्यू १२४ सेडानची पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे, अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला आहे. म्हणजे तुम्ही ज्योत धरता ती टाकीच्या खाली. ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकच्या केबलीही तिथूनच जातात. सबफ्रेम बाहेर काढून मोकळ्या जागेत ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, गाडीखाली मात्र अजिबात नको.

करवत वापरा. हॅकसॉचं पातं मधल्या नळीच्या भोकातून ओवा, रबर कापा, मग बाहेरच्या कवचाला आतून एक चीर पाडा. कवच तुटत आलं की हात हलका करा, कारण त्यापलीकडे सबफ्रेम आहे. तिथे खाच पडली तर नवा बुश त्याच खाचेवर कायम कुरकुरेल. चीर पडली की छिन्नीनं कवच आत दुमडतं आणि निमूट बाहेर येतं.

तेही गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवूनच. नुसत्या जॅकवर नाही. करवत चालवताना गाडी हलते.

नवा बुश हातोडीनं बसवणं

माझे दुसऱ्यांदाचे पैसे इथे गेले. बुश तिरका शिरला होता, मला घाई होती, आणि मधल्या नळीवर सॉकेट ठेवून मी चार घाव घातले. बुश बसला. बाहेरून नवाकोरा. पण ठोका मधल्या नळीवर बसला की सगळा जोर रबरावर येतो आणि ते आतून नळीपासून सुटतं. चार महिन्यांत नारळ परत फुटायला लागला.

जोर फक्त बाहेरच्या कवचावर यायला हवा. लेथवाल्याकडून दोन कप करून घ्या. एक बरोबर कवचाच्या काठावर टेकेल इतक्या व्यासाचा, दुसरा त्याहून मोठा, सबफ्रेमच्या पलीकडच्या बाजूला टेकणारा. मधून जाड आट्यांचा रॉड, दोन्हीकडे नट आणि जाड वायसर. नट फिरवत गेलं की बुश सरळ आत सरकतो. पहिले दोन-तीन मिलिमीटर तो तिरका होतोय का हे प्रत्येक फेऱ्याला बघा. झालाच तर बाहेर काढून पुन्हा लावा. आत गेल्यावर सरळ होईल ही आशा खोटी.

घर पॉलिश पेपरनं साफ करा आणि साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं हे वर आलंच आहे. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती मीही केली. ५० मिलिमीटरचं लोखंडी कवच त्यानं जेमतेम दोन-तीन शतांश मिलिमीटर आक्रसतं. फायदा आहे, पण जादू नाही. घरी मात्र बोलणी खावी लागली.

जुना बुश काढण्याआधी फोटो काढा. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्या कुठल्या दिशेला आहेत यावर बुश कुठल्या दिशेनं मऊ राहणार ते ठरतं. सबफ्रेमवर खडूनं खूण करा. नव्वद अंश फिरलेला बुश बसतो झकास, चुकतो मात्र चालताना.

लटकतं सोडणं

बोल्ट काढण्याआधी डिफखाली गिअर जॅक लावा आणि पट्ट्यानं बांधा. ओतीव लोखंडाचा हा गोळा एका माणसाला झेपत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडताना दोन्ही भागांवर रंगाची रेघ मारा, तसाच परत जोडला नाही तर नवीन थरथर विकत घ्याल. डिफ खाली घेताना अ‍ॅक्सलच्या रबरी टोप्यांकडे लक्ष ठेवा. सांधा फार वाकला की टोपी फाटते. अ‍ॅक्सल सोडला असेल तर तारेनं वर बांधा.

एकच बुश बदलणं

फाटलेला एक असला तरी बाकीचे त्याच वयाचे असतात. एक कडक, बाकी थकलेले, म्हणजे सगळा भार त्या नव्यावर. संच बदला, आणि खाली शिरलाच आहात तर सबफ्रेमचे बुशही पहारीनं तपासून घ्या.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश घेऊ का, असं हमखास विचारलं जातं. रोजच्या गाडीला घेऊ नका. रबर क्राउन-पिनियनची गुणगुण गिळतं, पॉली ती केबिनमध्ये पोचवतं. ८० च्या पुढे मागच्या सीटवरचे लोक मोठ्यानं बोलायला लागतात.

पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत बुश घेताना खोक्यावर जाऊ नका. रबर आणि लोखंड यांची जोड नखानं तपासा, कवचाची कड हातानं फिरवून बघा.

शेवटचा पिळा

सगळे बोल्ट आधी हातानं लावा, डिफ आपल्या जागी बसू द्या, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना. एक बोल्ट आवळून दुसरा पहारीनं जुळवला तर बुश जन्मापासून ताणलेला राहतो. सेल्फ लॉकिंग नट नवेच घ्या. आवळल्यावर नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर खाली डोकावलं की पाना न लावता कळतं, रेघ सरळ आहे की तुटली.