कुस्तीच्या मैदानाचे व्हिडिओ आणि जाहिरातीचा पैसा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली कुस्तीची मैदानं मी शूट करतो. तालमीतली पोरं विचारतात, "मामा, यूट्यूब पैसे देतं ते कशाचे?" जाहिरातीचे. नुसत्या व्ह्यूजना पैसा नाही. लांब व्हिडिओवर जाहिरात चालली की त्या कमाईतले ५५ टक्के आपले, बाकी यूट्यूबचे.

त्यासाठी १,००० सबस्क्रायबर हवेत आणि १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास पाहिलेलं हवं. किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधला वेळ या ४,००० तासांत धरत नाहीत, म्हणून निकाली कुस्ती अख्खी टाका. व्हिडिओ ८ मिनिटांचा झाला की मधे जाहिरात लावता येते. ती जागा स्वतः निवडा. डावावर डाव चालू असताना जाहिरात आली की माणूस उठून जातो. मी ती पुढची जोड पुकारतात तिथं ठेवतो.

आवाजाला फार जपा. सुरुवातीला माझ्या एका दीड तासाच्या व्हिडिओत कर्ण्यावरचं सिनेमाचं गाणं आलं. गाण्याच्या मालकाचा दावा लागला आणि जाहिरातीचा सगळा पैसा तिकडं गेला. दोन दिवस उन्हात उभा होतो मी! आता सकाळीच माइकवाल्याला भेटतो, कुस्ती चालू असताना फक्त हलगी ठेवा म्हणतो. तरी गाणं आलंच तर यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या यूट्यूबच्या पानावर, तेवढ्यापुरतं गाणं बंद करता येतं.

कमाई १० डॉलर झाली की पत्ता तपासायला टपालानं पिन, म्हणजे एक गुप्त आकडा, येतो. वाडीवस्तीवर राहत असाल तर पोस्टमनला आधी सांगून ठेवा. १०० डॉलर भरल्यावर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेत पैसे सुटतात.

दुकानदाराची जाहिरात आपणच व्हिडिओत केली तर तिचा पैसा थेट आपल्याला मिळतो. किती सेकंद, किती व्हिडिओ, पैसे कधी, हे कागदावर घ्या, निम्मे आधी. अपलोड करताना सशुल्क जाहिरातीच्या चौकटीवर खूण करा आणि तोंडानंही सांगा. एका पशुखाद्यवाल्यानं म्हटलं, "पैलवान आमच्याच पेंडीवरच्या म्हशीचं दूध पितो असं बोला." पैलवानाच्या घरी म्हैसच नव्हती. मी नाही म्हटलं. दुकानाचं नाव, पत्ता आणि पेंडीचा भाव, एवढंच बोललो, आणि तो अजून जाहिरात देतो.